उशीतली गाठ

जमीरच्या खोकल्याकडे घरात कुणी लक्ष दिलं नाही. पिंजाऱ्याच्या घरात खोकला नसेल, तर लक्ष द्यायचं. बाप खोकत जगला, आजा खोकत जगला, आणि दोघांनीही नातवंडं मांडीवर खेळवली. रुईची धूळ नाकातोंडात जायचीच. सकाळी घसा खाकरायचा, गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि कापूस पिंजायची मशीन सुरू करायची. दारव्ह्याच्या बाजारामागच्या गल्लीत बायका त्याच्या खोकल्यावर चुली पेटवत.

पण त्या पावसाळ्यात खोकल्याच्या मागून ताप आला आणि तापाच्या मागून अंग उतरायला लागलं. भरलेल्या गादीवर मारायची वेताची काठी त्याला दोन्ही हातांनी धरावी लागू लागली. आरिफा, त्याची बायको, समोर बसून खोळ शिवायची. काठीचा आवाज बदलला हे सगळ्यांच्या आधी तिला कळलं.

"दवाखान्यात दाखवा," ती म्हणाली.

"धूळ हाये. हिवाळ्यात जाईन."

"हिवाळ्यात धूळ वाढते," आरिफा म्हणाली, आणि दात लावून धागा तोडला.

घरात माणसं चार. जमीर, आरिफा, शाळेत जाणारी नाहिद आणि जमीरची आई जैबुनबी. जैबुनबीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हातारी अंगावर धावून यायची. तिला दिसायचं ते फक्त ऊन आणि सावली. पण हात शाबूत होता, आणि त्या हाताचा गावात मान होता. गादी शिवून झाली की ती जैबुनबीपुढं पसरायची. म्हातारी तळवा टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जायची. आत कुठं कापूस गोळा झालेला लागला, की तिथं बोट दाबून म्हणायची, "सुवा दे."

सुवा म्हणजे गादी शिवायची वीतभर लांब सुई. नाहिदच्या हाती लागू नये म्हणून ती वरच्या कोनाड्यात असायची. आरिफा उठून ती काढायची आणि टोक आपल्याकडे ठेवून, जाड बाजू म्हातारीच्या हातात द्यायची. पिंजाऱ्याच्या घरात पोरीला चालायच्या आधी हे शिकवतात. मग जैबुनबी कापडावरूनच सुवा आत खुपसायची, इकडून तिकडून टोचत, उचकत, गाठ मोकळी करायची. त्याला ते गाठ फोडणं म्हणत. म्हातारीनं गाठी फोडल्याशिवाय गादी घराबाहेर जात नसे. "गाठीवर झोपलेल्या माणसाले आपली बदनामी सपनात दिसते," असं ती म्हणायची.

त्या वर्षी गाठीच गाठी होत्या. बोंडअळीनं कापूस असा खाल्ला होता की निम्म्या बोंडांतून कापूस फुललाच नाही, नुसत्या कवड्या निघाल्या. कवडी म्हणजे किडक्या बोंडातली घट्ट फाक. मशीनमधून काढली तरी ती मऊ होत नाही. त्याआधीच्या दोन्ही वर्षी कापसाच्या भावानं मारलं होतं, आता अळीनं मारलं. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, आणि जी झाली त्यांत नागपूरच्या फोमच्या गाद्या आल्या. गावात काम उरलं नाही म्हणून जमीर दोन उन्हाळे मशीन टेम्पोत टाकून पांढरकवड्याच्या पलीकडे, पार आदिलाबादपर्यंत जाऊन आला होता. महिने महिने तिकडं राहायचा. येताना नाहिदला बांगड्या आणायचा आणि आरिफाशी डोळे मिळवायला एक-दोन दिवस लावायचा. थकला असेल, असं ती समजायची.

हिवाळा लागायच्या आत छातीचा फोटो निघाला आणि टीबी ठरला. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आणि रक्त तपासून घ्या म्हणाले. इथं तपासलं तर चार लोकांना कळेल म्हणून जमीर म्हणाला, यवतमाळला जाऊ. आरिफाला वाटलं, टीबीचीच लाज वाटते आहे.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात एका खोलीत विजयमाला नावाची बाई बसायची. तिचं काम रक्त तपासायच्या आधी आणि नंतर माणसांशी बोलायचं. लोक तिला 'सांगणारी बाई' म्हणत. चाळिशीची, सुती साडी, आवाज शेतातून हाक मारणाऱ्या बाईसारखा मोठा, पण त्या खोलीत ती तो दाबून धरायची. आधी दोघांना बसवून काय तपासणार ते सांगितलं, मग दोघांचं रक्त घेतलं. दुपारी पहिल्यांदा जमीरला एकट्याला बोलावलं.

आरिफा बाहेर बाकावर बसली होती. तो आला तो भिंतीला हात लावत आला. मागून बाईनं आरिफाला आत घेतलं. बाई टेबलाच्या पलीकडेच बसून म्हणाली, "तुमचं रक्त चांगलं आहे, आरिफाताई. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा बघू. बाकीचं तुमचे मालक सांगतो म्हणतात. बाहेर कडुनिंबाखाली बसा. घाई करू नका."

कडुनिंबाखाली जमीरनं चपलेनं माती उकरत सांगितलं. तिकडं, आदिलाबादच्या रस्त्याला, ढाब्याच्या मागं खोल्या होत्या. टेम्पोवाला जायचा, त्याच्यामागं जमीरही गेला. पहिल्यांदा दारू पिऊन, नंतर न पिता. आता रक्तात ती बीमारी होती, जिचं नाव भिंतीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं.

आरिफा म्हणाली, "नाव काय होतं तिचं?"

"कोनाचं?"

"जिच्यापाशी जात होते."

जमीरला नाव ठाऊक नव्हतं. आरिफाला का कोण जाणे, सगळ्यात जास्त राग त्याचा आला. जिच्यासाठी माझं घर मोडलं तिला साधं नाव तरी विचारायचं होतं, असं तिला वाटलं आणि ती पदर तोंडात कोंबून रडली.

बस स्टँडवर नेमके भगवानराव भेटले. दारव्ह्याजवळच्या खेड्यातले शेतकरी, जुने गिऱ्हाईक. "काहून बाप्पा, जोडीनं यवतमाळले?" त्यांनी हसत विचारलं.

"खोळीचं कापड पाह्याले आलतो," जमीर म्हणाला.

भगवानरावांनी दोघांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "मिळालं नाई वाटते," ते म्हणाले. त्यात वाईट काही नव्हतं, पण दारव्हा येईपर्यंत जमीरनं मान वर केली नाही.

त्या दिवसापासून जमीरनं अंथरूण वेगळं केलं. मशीन होती त्या पुढच्या खोलीत, रुईच्या पोत्यांना लागून तो झोपायला लागला. टॉवेल वेगळा केला, पेला वेगळा केला. पेल्यानं काही होत नाही हे बाईनं दहांदा सांगितलं होतं, पण घाबरलेल्या माणसाचे कान अर्धेच उघडे असतात. आरिफाचा हात चुकून हाताला लागला तरी तो आखडून घ्यायचा. ढाबा सुटला, दारू सुटली, टेम्पोवाला बोलवायला आला तर दारातूनच परतवून लावला. एवढा सुधारला की घरात नवरा उरला नाही.

आरिफाला पहिले काही दिवस ते बरंच वाटलं. शिक्षा त्याची त्यानं घेतली, तिला द्यावी लागली नाही. पण राग हा पाहुणा आहे, तोही कधीतरी उठतो. तो उठून गेल्यावर ती रिकाम्या अंथरुणावर पडून पलीकडचा खोकला ऐकायची. गोळ्यांनी तो दिवसेंदिवस कमी होत होता, आणि कमी झाला तसा तो माणूस आणखी लांब गेल्यासारखा वाटायचा. तेहतीस वर्षांची बाई होती ती. तिचंही अंग होतं, आणि त्या अंगाला कुणी विचारलं नव्हतं की तुझा गुन्हा काय.

जैबुनबीला दिसत नव्हतं, पण कळत होतं. घर ती हातानं वाचायची. डबे, पेट्या, कोनाडे, कपड्यांच्या घड्या, सगळ्यावरून तिचा तळवा रोज एकदा फिरायचा. एक दिवस ती आरिफाजवळ येऊन बसली.

"त्याचं अंथरून थंड ऱ्हायते अन् तुह्यंही अर्धं थंड ऱ्हायते," ती म्हणाली. "काय झालं बेटी?"

"खोकला हाये ना अम्मा. टीबीचं मानूस. डॉक्टर म्हणे, अलग झोपा."

"माह्या मालकाले काय कमी खोकला होता? आम्ही एका रजईत खोकलो." म्हातारी आणखी जवळ सरकली. "लोकाइच्या लग्नाच्या गाद्या भरून देतो आपण. आपल्याच घरात मियाँबीवीची रजई फाटली तर बरकत जाते. तू रुसली असशीन तर सोड."

आपणच रुसलो असं म्हातारीला वाटतं आहे, हे आरिफाला झोंबलं. पण खरं सांगायचं तर ते लेकाचं सांगावं लागलं असतं. जमीरनं तिच्या पायावर हात ठेवून एकच मागितलं होतं, अम्माला कळू देऊ नको. ती खोळ शिवत राहिली.

थंडी पडल्यावर ते पुन्हा यवतमाळला गेले. आरिफाचं रक्त तपासलं. बाई टेबलाच्या पलीकडूनच म्हणाली, "चांगलं आहे. अगदी चांगलं." मग तिनं दोघांकडे पाहिलं. "आता सांगा, घरी कसं राहता?"

जमीर म्हणाला, "राहातच नाही, बाई. हातही लावत नाही. कसम घेतली."

"कुणाला विचारून घेतली?"

बाई आरिफाकडे वळली. "ताई, तुम्हाला विचारलं होतं का ह्यांनी?"

आरिफानं नाही म्हणून मान हलवली, आणि एवढ्यानंच तिला हुंदका आला. इतक्या महिन्यांत तिला काय हवं हे विचारणारी ही पहिलीच बाई. विजयमालानं तिला रडू दिलं. मग आवाज दाबून सगळं परत सांगितलं. बीमारी पेल्यानं येत नाही, मिठीनं येत नाही, एका रजईनं येत नाही. एका गोष्टीनं येते, आणि तिलाही आडोसा आहे. कधी न चुकता निरोध वापरला, तर नवरा-बायकोसारखं राहता येतं, बायको चांगली राहू शकते. तिच्याकडं अशी जोडपी होती. तिनं ड्रॉवरमधून लाकडी नमुना काढला आणि कसं चढवायचं ते दाखवलं. आरिफानं आधी पदरात तोंड लपवलं, मग पदराआडून पाहिलं, मग पदर बाजूला करून पाहिलं. जमीरला बाईनं स्वतःच्या हातानं करून दाखवायला लावलं, तेव्हा तो नमुना त्याच्या हातून निसटून गडगडत टेबलाखाली गेला. आरिफाला एकदम हसू फुटलं. जमीरही हसला. किती तरी दिवसांनी दोघं एका गोष्टीला हसले होते.

"ह्यांच्या रक्तातली ताकद अजून बरी आहे, त्या बीमारीच्या गोळ्या इतक्यात नाहीत. म्हणून जास्त जपायचं," निघताना बाई म्हणाली. "आणि पाकिटं थंड, कोरड्या जागी ठेवा. उन्हात नको."

पाकिटं ठेवायची कुठं, हा घरी आल्यावर पहिला प्रश्न. पेटीत ठेवावीत तर नाहिद रिबिनीसाठी पेटी उपसते. डब्यात, कोनाड्यात, कपड्यांत ठेवावीत तर अम्माचा हात. दुकानात ठेवावीत तर गिऱ्हाईक. जमीर कागदाची पुडी हातात घेऊन चोरासारखा घरभर फिरला.

युक्ती सुचली ती आरिफाला. त्यांच्या दोघांच्या मोठ्या उशीची एक बाजू तिनं उसवली, पाकिटांची पट्टी आत कापसात सरकवली आणि तोंडाला दोन कच्चे टाके घातले. हवं तेव्हा बोट घालून ओढता येईल असे. "पिंजाऱ्याच्या घरात शिवलेली उशी कोन उघडते?" ती म्हणाली. जमीर तिच्याकडं कौतुकानं बघत राहिला. थंड जागा, कोरडी जागा, आणि हाताशी. बाईनं सांगितल्यातलं एकही चुकलं नव्हतं.

मग तो हिवाळा बरा गेला. बरा म्हणजे किती, ते आरिफाच्या शिवणीत दिसायचं. जमीर पुन्हा घरात झोपायला लागला. पहिले दिवस दोघं नव्या नवरानवरीसारखे अवघडले, चुकले, हसले. जमीर एकदाही कंटाळा करत नव्हता. ती कधी म्हणालीच, आज राहू द्या, तर तो उठून बसायचा आणि म्हणायचा, "नाई. तुले काई झालं तर मी कोठी जाऊ?" लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. असं काही तो तिला कधी म्हणाला नव्हता. बीमारीनं घर पोखरलं हे खरं, पण नवऱ्याला बोलायला शिकवलं हेही खरं, असं तिच्या मनात यायचं आणि मग तिची तिलाच भीती वाटायची.

जैबुनबीनं सकाळी अंथरुणावरून हात फिरवला आणि सगळं ओळखलं. त्या दिवशी तिनं शेवयांची खीर करायला लावली. कशाची खीर, हे कुणी विचारलं नाही.

त्याच सुमाराला भगवानराव आले. त्यांच्या पोरीचं, खुशीचं लग्न जमलं होतं. "फोमबिम नाई पायजे," ते म्हणाले. "कापूस बाजारात नेला तर व्यापारी नाक मुरडते. कवडी हाये म्हंते. मंग म्हटलं, विकाले परवडत नाई तर पोरीच्या अंगाखाली तरी येऊ द्या."

गाडीतून पोती उतरली. जमीरनं मूठभर कापूस दाबून पाहिला आणि पोती आत घेतली. दोन दिवस मशीन चालली. आरिफानं लाल फुलांची खोळ शिवली. गादी भरून मध्ये पसरली आणि नवरा-बायको दोन बाजूंना बसून एकमेकांच्या दिशेनं टाके घालत गेले. मध्यावर दोघांचे हात भेटले तेव्हा जमीरनं आपला हात तिथंच राहू दिला. नाहिद शाळेत होती, म्हातारीला दिसत नव्हतं. आरिफानंही हात काढला नाही.

मग गादीवर जैबुनबी सरकायला लागली. दर वितीला थांबत होती. "या अल्लाह, कापूस हाय का गोटे? सुवा दे, बेटी."

आरिफानं कोनाड्यातून सुवा काढला, टोक आपल्याकडं ठेवून दिला. दिवसभर म्हातारी टोचत राहिली. संध्याकाळी आरिफा चुलीपाशी भाकरी थापत होती, तेव्हा जमीर गादी पोचवायला गेला होता. आतल्या खोलीतून पुन्हा आवाज आला. "सुवा वर ठेवला का वं तू? दे इकडं."

"गादी गेली ना अम्मा."

"दुसरं हाये थोडंसं."

तवा तापला होता. आरिफानं पिठाच्या हातानं सुवा काढून दिला आणि भाकरी उलटायला धावली. दुसरं काय, हे तिनं विचारलं नाही. घरात गोधड्या होत्या, आसनं होती, म्हातारीला कामाशिवाय चैन पडत नसे. त्यानंतरही कधी जुम्म्याच्या दिवशी, नमाजानंतर, जैबुनबी सुवा मागायची आणि आरिफा द्यायची.

उन्हाळा लागला. लोकांनी जुन्या गाद्या उसवून पिंजायला आणल्या, दारात धूळ उडायला लागली. जमीरचं अंग भरलं होतं. टीबीच्या गोळ्या संपत आल्या होत्या. तपासणीची वेळ आली तेव्हा आरिफा नवी साडी नेसली. परीक्षा दिलेल्या पोरीला निकालाची धास्ती असते, पण पेपर चांगला गेल्याचंही ठाऊक असतं, तशी ती निघाली. बसमध्ये ती म्हणाली, "येताना नाहिदले चप्पल घेऊ."

दुपारी विजयमालानं तिला आत बोलावलं. आरिफा बसली. बाईनं दार लोटलं, आणि मग ती टेबलाच्या पलीकडं गेली नाही. तिनं आपली खुर्ची उचलली आणि आरिफाजवळ आणून ठेवली.

आरिफा त्या खुर्चीकडं पाहत राहिली. दोन वेळा चांगली बातमी टेबलाच्या पलीकडून आली होती. खुर्ची जवळ आली तेव्हाच तिला कळलं. त्यानंतर बाई जे बोलली ते तिनं फक्त ऐकलं.

"पुन्हा एकदा तपासलं मी, ताई. वेगळ्या पद्धतीनं." बाई म्हणाली. "एखाद्या वेळी विसरलात का? कधी फाटलं का?"

"नाई."

"आठवून सांगा. रागावणार नाही मी."

"एकही वेळ नाई, बाई."

बाईनं तिचा हात हातात घेतला. औषधं आहेत, जगता येतं, नाहिदला मोठं करता येतं, असं ती सांगत राहिली. ते सगळं खरं होतं. पण आरिफाच्या डोक्यात एकच फिरत होतं. ती चुकली नाही. मग चुकलं कोण?

येताना बसमध्ये तिनं खिडकी धरली. वाटेवरच्या गावांची माणसं चढत-उतरत होती. जमीर दोनदा म्हणाला, "मी चुकलो नाई, आरिफा." ज्याला त्या ढाब्यामागच्या बाईचं नाव विचारावंसं वाटलं नाही, त्याच्यावर आपण विश्वास टाकला. अंधारात पाकीट फोडल्याचा आवाज करून त्यानं फसवलं असेल, घाई केली असेल, काय ठाऊक. तो तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा ती म्हणाली, "चूप ऱ्हा." नवऱ्याला असं ती जन्मात बोलली नव्हती. चपलेची कुणालाच आठवण राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं उशी अंगणात आणली. उरलेली पाकिटं फेकून द्यायची होती, चुलीत घालायची होती. कच्चे टाके ओढून तिनं पट्टी बाहेर काढली. अंधारात ती नेहमी बोटानंच काढायची. दिवसाच्या उजेडात आज पहिल्यांदा पाहत होती.

चंदेरी कागदातून ऊन आरपार आलं. सुईच्या टोकाएवढं.

तिनं दुसरं पाकीट धरलं. त्यातूनही आलं. तिसऱ्याला दोन ठिकाणी भोकं होती, आणि एका भोकात कापसाचा बारीक धागा ओढला गेला होता. आरिफानं तो चिमटीत धरून ओढला. तो पार दुसऱ्या बाजूनं निघाला.

"उशी उसवली का वं?" ओट्यावर बसलेल्या जैबुनबीनं विचारलं. उसवल्याचा आवाज तिच्या कानातून सुटत नसे. "उसवू नको. चांगली झाली हाये आता. लय कवडी होती तिच्यात, या कोपऱ्याले. कडक. खुशीच्या गादीच्या दिवशी माह्या हाताले लागली. म्हटलं, पोरं आताशी कुठं एका उशीवर आले, अन् खाली गाठ. झोप कशी लागीन? म्हनून मी दर जुम्म्याले थोडी थोडी फोडतो." ती बोळक्या तोंडानं हसली. "तुले सांगतलं नाई. म्हातारीनं उशीले हात लावला म्हनून लाजली असती तू."

आरिफाच्या मांडीवर पट्टी होती. सुवा कुणी काढून दिला होता, ते तिला आठवलं. पिठाच्या हातानं दिलेला आठवला. उशीची जागा कुणी शोधली तेही आठवलं. एक शब्द अम्माला सांगितला असता तर म्हातारीचा हात तिथं गेला नसता. तिला ओरडावंसं वाटलं, आणि म्हातारीच्या पायांवर डोकं आपटावंसंही वाटलं. त्यातलं काहीच तिनं केलं नाही.

"अच्छा केलं, अम्मा," ती म्हणाली.

पट्टी तिनं चुलीत घातली आणि पुरती जळेपर्यंत तिथं बसली. मग पुढच्या खोलीत गेली. जमीर बंद मशीनपाशी बसून होता. रात्रभर तिथंच होता.

"तुमचं काई चुकलं नाई," ती म्हणाली. "उंदीर लागले होते उशीले. पाकिटं कुरतडली होती."

जमीरनं मान वर केली. "उंदीर?"

"हो. मी पाह्यलं आता. जाळून टाकली."

कापसाच्या घरात उंदीर असतातच. जमीरनं विश्वास ठेवला. दवाखान्यात न रडलेला माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला, आणि आरिफा त्याच्याजवळ जमिनीवर बसली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आता एकमेकांना शिवायला भ्यायचं काही उरलं नव्हतं, तरी बाईनं पुढंही जपायला सांगितलं होतं. "आता डब्यात ठेवू," ती म्हणाली. "पत्र्याच्या."

बाहेर कुणीतरी जुनी गादी टाकून गेलं. दुपारपर्यंत ती पिंजून, भरून झाली. आरिफानं टाके घातले, जमीरनं दुसऱ्या बाजूनं घातले. गादी ओट्यावर पसरली. जैबुनबी तळवा टेकवून सरकत सरकत आली आणि मध्यावर थांबली.

"गाठ हाये," ती म्हणाली. "सुवा दे, बेटी."

आरिफा उठली. कोनाड्यातून सुवा काढला, पदरानं पुसला, आणि टोक आपल्याकडं ठेवून म्हातारीच्या हातात दिला.